दम घरी लागतो, तपासणी खुर्चीत होते

पन्नाशीत जिना चढताना दम लागला तर माणूस डॉक्टरकडे जातो. पंचाहत्तरीत तोच दम लागला की घरातले म्हणतात, "आता वय झालं." ज्याला दम लागतो त्याचेही तेच म्हणणे असते. मग जिना टाळला जातो. देवळात जाणे सणासुदीपुरते उरते, भाजी कोणीतरी आणून देते, आंघोळीला स्टूल येते. वर्षभराने विचारले तर उत्तर येते, "नाही हो, आता दम लागत नाही." लागणार कसा? दम लागेल असे काही करणेच थांबलेले असते.

अशी आजी किंवा असे आजोबा दवाखान्यात येतात तेव्हा काय होते ते पाहा. मुलगा किंवा सून रिक्षाने घेऊन येते, केस पेपर निघतो, नंबर लागतो. तास-दीड तास बाकावर बसून श्वास अगदी जागेवर आलेला असतो. आत गेल्यावर डॉक्टर विचारतात, "काय आजी, कसं वाटतंय?" आजी म्हणतात, "बरं आहे." छातीला नळी लागते, गोळ्या तशाच चालू राहतात, पुढची तारीख पडते. २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात अनेक देशांतील प्राथमिक तपासणीच्या वेळांचा आढावा आला होता. त्यात भारतातला सरासरी वेळ होता सुमारे दोन मिनिटे. घरात रोज घडणारे डॉक्टरांना या दोन मिनिटांत कळायला हवे, आणि ते आपोआप कळत नाही. दम लागतो घरी, न्हाणीघरात, उकिडवे बसून उठताना, आणि तपासणी होते खुर्चीत बसवून. म्हातारपणातल्या श्वासविकारांचे निम्मे घोडे इथेच अडते असे माझे मत आहे.

वयाने फुप्फुसांची ताकद कमी होते हे खरेच. पहिल्या एका सेकंदात आपण जोराने किती हवा बाहेर फेकू शकतो ते मोजले, तर पंचविशी-तिशीनंतर ते माप दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते. बरगड्यांचा पिंजरा ताठरतो, फुप्फुसांची लवचिकता कमी होते, श्वासपटल अशक्त होते. पण निसर्गाने मुळात इतकी भरपूर क्षमता दिलेली असते की निव्वळ वयामुळे सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना धाप लागू नये. लागत असेल तर कारण शोधलेच पाहिजे. शिवाय वय वाढले की श्वासनलिका आवळल्याची जाणीवही बोथट होते, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे तरुणाला ज्या अडथळ्याने कासावीस व्हायला होईल, तोच अडथळा म्हाताऱ्या माणसाला "थोडं जड वाटतंय" एवढाच जाणवतो. त्यांच्या "थोडं" या शब्दावर विसंबू नये ते यासाठीच.

कारणांत सर्वांत मोठे नाव सीओपीडीचे. श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे नाजूक कप्पे फाटतात. या आजारात अडचण हवा आत घेण्यापेक्षा ती बाहेर टाकण्याची असते. गच्च भरलेल्या एसटीतून उतरणारे उतरलेच नाहीत तर स्टँडवरचे चढणार कुठे? तसेच जुनी हवा आत कोंडून राहते आणि नव्या हवेला जागा मिळत नाही. चालायला लागले की श्वास भरभर होतो, हवा सोडायला वेळ आणखी कमी मिळतो आणि कोंडी वाढत जाते. २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते आणि मृत्यूच्या कारणांत या आजाराचा दुसरा क्रमांक होता. तरी मधुमेह-रक्तदाबासारखे त्याचे नाव घरोघरी झालेले नाही. लोक सरसकट 'दमा' म्हणून मोकळे होतात.

"पण आमच्या आईने कधी विडी ओढली नाही," असे मुले म्हणतात, आणि ते खरे असते. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी ब्रिटनच्या पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेमक्या याच विषयावर, धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर, लेख लिहिला. भारतात या आजाराच्या ओझ्यात हवेतल्या प्रदूषणाचा वाटा निम्म्याहून थोडा अधिक आणि तंबाखूचा साधारण पाव, असा २०१६ चा अंदाज आहे. त्या प्रदूषणात चुलीचा धूर येतो. गोवऱ्या, पऱ्हाटी, तुराट्या, ओली लाकडे यांवर चाळीस वर्षे भाकरी थापलेल्या बाईच्या छातीत तो धूर बसलेला असतो. गॅस आला, चूल अंगणात गेली, तरी झालेली इजा भरून निघत नाही. डासांच्या कॉइलचेही तसेच. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते, आणि कॉइल लागते ती दारे-खिडक्या लावून, म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी. पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग हे आणखी एक कारण. जंतू मेले, औषधाचा कोर्स पुरा झाला, तरी फुप्फुसावरचे व्रण राहतात आणि तीस वर्षांनी दम लागू लागतो. गिरणगावातल्या जुन्या कामगारांना कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस ठाऊक असेल. आठवडी सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळायची. म्हणून डॉक्टरांना आजचा खोकला सांगण्याआधी जन्मभर कुठे राबलो, कशावर स्वयंपाक केला, क्षयाचे औषध कधी घेतले होते का, हे सांगितले पाहिजे. हे आपणहून विचारायला त्यांना वेळ मिळेलच असे नाही.

मात्र दम लागतो म्हणजे फुप्फुसच बिघडले असेही नाही. आडवे झाल्यावर श्वास कोंडतो, दोन-तीन उशा लागतात, रात्री दचकून उठून बसावे लागते, संध्याकाळी पायावर सूज येते, अशा वेळी हृदयाकडे पाहावे लागते. हिमोग्लोबिन कमी असले की दम लागतो, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांत ते कमी असणे नवलाचे नाही. मधुमेहाच्या वृद्ध रुग्णाला हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, असेही घडते. फार थोड्यांना माहीत असलेली एक गोष्ट म्हणजे काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यातून ते थोडे रक्तात जातात आणि दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळू शकतात. थेंब डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेले, छाती पाहणारे डॉक्टर वेगळे, आणि थेंब म्हणजेही औषध हे घरात कोणाच्या ध्यानात नसते. रक्तदाबासाठीच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी कोरडा ठसका लागतो तो असाच. त्यावर खोकल्याच्या बाटल्या संपतात आणि मूळ गोळी चालूच राहते.

म्हणूनच दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून न्यावीत हे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. सगळी म्हणजे डोळ्यांचे थेंब, गुडघ्यांसाठीच्या गोळ्या, झोपेची गोळी, काढा, कोणीतरी दिलेल्या पुड्या, सारे काही. पुड्या तर आवर्जून न्याव्यात. 'रामबाण' म्हणून दिलेल्या दम्याच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने चार दिवस छान वाटते, भूक लागते, मग साखर चढते, हाडे ठिसूळ होतात आणि पुडी अचानक बंद केली तर जिवावर बेतते. झोपेच्या गोळीने श्वासाची प्रेरणा मंदावू शकते. औषधांची नावे लिहून नेण्यापेक्षा पिशवी टेबलावर ठेवणे केव्हाही चांगले, कारण रिकामी न झालेली पाकिटेही बोलतात.

दुसरी वस्तू म्हणजे साधी वही. रोजची डायरी नको, कोणी लिहीत नाही. भेटीच्या आधीच्या आठवड्यात घरातल्या कोणीतरी चार गोष्टी पाहून टिपाव्यात: किती चालल्यावर थांबावे लागते, रात्री किती वेळा उठून बसावे लागते, बेडक्याचा रंग बदलला का, पंप (इनहेलर) किती वेळा घेतला. दम मोजण्यासाठी डॉक्टर एमएमआरसी नावाची पाच पायऱ्यांची पट्टी वापरतात. शून्य म्हणजे फक्त खूप मेहनतीनेच दम लागणे. एक, चढावर किंवा घाईत लागणे. दोन, बरोबरीच्या वयाच्या माणसांच्या मागे पडणे. तीन, सपाटीवर शंभरेक मीटर चालून थांबावे लागणे. चार, कपडे बदलतानाही धाप लागणे किंवा त्यापायी घराबाहेर पडणेच बंद होणे. यातला आकडा सांगितला की "बरं आहे" आणि "बरं नाही" यांच्यामधले सगळे डॉक्टरांना एका शब्दात कळते. गेल्या दिवाळीला दोन होता, आता तीन आहे, हे वाक्य दहा मिनिटांच्या वर्णनाला भारी आहे. जमल्यास घरात जिना चढून आल्यावरचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण मोबाइलवर न्यावे. किंवा सरळ म्हणावे, "डॉक्टर, यांना जरा व्हरांड्यात चालवून बघा." बोटाला ऑक्सिमीटर लावून चालवले की बसल्याजागी ९५ असलेला आकडा ८७ वर येताना दिसतो आणि पुढचे उपचार बदलतात.

आणखी एक विनंती बरोबर येणाऱ्यांना. आधी आजींना बोलू द्या. आपण प्रेमापोटी त्यांच्या वतीने सगळे सांगून टाकतो आणि त्या खाली मान घालून बसतात. लघवी लागेल म्हणून सूज उतरवणारी गोळी आज घेतलीच नाही, पंप संपून आठ दिवस झाले पण मुलाला खर्च नको म्हणून सांगितले नाही, या गोष्टी त्यांच्याच तोंडून यायच्या असतात, आणि त्या सुनेसमोर येतीलच असे नाही. दोन मिनिटे बाहेर थांबण्यात कमीपणा नाही. पाण्याची गोळी न घेण्याचे हे प्रकरण तर घरोघरी घडते. लांबच्या प्रवासात वाटेत शौचालय मिळत नाही ही त्यांची अडचण खरी आहे. ती गोळी घरी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे आधीच विचारून ठेवावे.

तपासणीत नुसत्या छातीच्या फोटोवर समाधान मानू नये. सीओपीडीचे पक्के निदान स्पायरोमेट्रीने, म्हणजे नळीत जोराने फुंकायच्या तपासणीने होतो. लंडनचे जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. म्हणजे तंत्र पावणेदोनशे वर्षांचे आहे, तरी आजही असंख्य रुग्ण एकदाही न फुंकता वर्षानुवर्षे दम्याची औषधे घेत आहेत. पंपाचे औषध देऊन फुंकायला लावल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली तर अडथळा आहे असे मानतात. वयाने हे प्रमाण थोडे उतरतेच, म्हणून वृद्धांत निकाल लक्षणांशी ताडून पाहावा लागतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल किंवा अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल तर आधी सांगावे, कारण फुंकताना जोर पडतो.

आता पंपाविषयी. त्याची 'सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा इलाज', हे समज इतके खोल रुजले आहेत की माणसे चारचौघांत तो लपवून घेतात. औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून गोळीच्या तुलनेत अगदी थोडे पुरते. दाबून घ्यायचा पंप १९५६ साली बाजारात आला. औषध कंपनीतल्या एका अधिकाऱ्याच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले होते की औषध अत्तराच्या फवाऱ्यासारखे का मिळत नाही. खरी अडचण तो घेण्याच्या पद्धतीत आहे. दाबायचा पंप हलवून घ्यायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग हळू, लांब श्वास आत घेता घेता दाबायचा आणि दहा सेकंद रोखून धरायचा. पावडरचा पंप नेमका उलटा, त्यात झपकन आणि जोराने ओढावे लागते. दोन्ही प्रकार घरात असले की गोंधळ ठरलेला. पावडरच्या पंपात घालायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसेही आहेत, कारण कॅप्सूल म्हटल्यावर ती गिळायचीच असे त्यांना वाटते. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांना पंप दाबता येत नाही, क्षीण श्वासाला पावडर ओढता येत नाही. अशांना स्पेसर, म्हणजे पंपापुढे लावायची प्लास्टिकची पोकळ नळकांडी, फार उपयोगी पडते. दाबणे आणि ओढणे यांचा मेळ साधावा लागत नाही, औषध घशात न साचता आत उतरते. स्पेसरमधून नीट घेतलेला पंप बहुतेक वेळा नेब्युलायझर मशीनच्या वाफेइतकेच काम करतो. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायचे, नाहीतर तोंडात बुरशी येते. आणि दर भेटीत पंप डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायचा. ते म्हणाले नाहीत तरी आपण म्हणायचे, "बघा बरं, मी बरोबर घेतो का." मात्रा वाढवण्याआधी एवढे झाले तर कितीतरी पैसा आणि त्रास वाचेल.

भेटीची वेळ ठरवतानाही श्वासाचा विचार हवा. सीओपीडीच्या माणसाची सकाळ जड असते. कफ सुटायला, आंघोळ-कपडे उरकायला दीड-दोन तास सहज जातात. सकाळी आठची वेळ त्यांच्यासाठी क्रूर आहे. खाजगी दवाखान्यात अकरानंतरची वेळ मागून घ्यावी. सरकारी रुग्णालयात केस पेपर सकाळीच निघतात, तिथे रांगेसाठी दुसऱ्याने पुढे जावे. गावाहून येणाऱ्यांसाठी राज्यात २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, मात्र ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. दरमहा लागणाऱ्या पंपांचा खर्च त्यातून निघत नाही, आणि दाखल व्हावे लागू नये म्हणून तर पंपच हवा असतो. ही उणीव मला फार सलते. औषधे चालू ठेवायची की नाहीत, रिपोर्ट दाखवायचा आहे, अशा कामांसाठी 'ई-संजीवनी'वर मोफत व्हिडिओ सल्ला मिळतो. नवीन दम किंवा वाढता दम असेल तर मात्र छाती ऐकणारा डॉक्टर समोरच हवा.

कोविडने घरोघरी ऑक्सिमीटर आणला आणि त्याबरोबर धास्तीही. आकडा पाहण्याआधी दोन मिनिटे शांत बसावे, बोट गरम असावे, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश नसावे. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते हेही लक्षात ठेवावे. बरे असतानाचा आपला नेहमीचा आकडा वहीत असला तर आजारपणातल्या आकड्याला अर्थ येतो. घरी ऑक्सिजन लावण्याबाबत १९८० आणि १९८१ साली अमेरिकेत व ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांनी दाखवले की ज्यांचा प्राणवायू विश्रांतीतही फार कमी असतो, साधारण ८८ किंवा त्याखाली, त्यांचे आयुष्य दिवसातून १५ तासांहून अधिक ऑक्सिजन घेतल्याने वाढते. थोडाच कमी असणाऱ्यांना तसा फायदा २०१६ च्या चाचणीत दिसला नाही. दम लागला की मशीन, असा तो प्रकार नाही. उलट सीओपीडीच्या काही रुग्णांत ऑक्सिजन जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते. त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हेच ध्येय असते. आपल्या हाताने ऑक्सिजनची चकती फिरवू नये. आणि ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे समई, उदबत्ती, विडी काहीही पेटवू नये. देवघर दुसऱ्या खोलीत हलवावे लागले तरी हलवावे.

औषधाइतकेच काम चालणे करते, हे सांगितले की म्हातारी माणसे अविश्वासाने पाहतात. दमाच्या भीतीने बसून राहिले की मांड्यांचे स्नायू वाळतात आणि वाळलेले स्नायू त्याच कामाला जास्त प्राणवायू मागतात. फुप्फुसे सुधारत नाहीत, पण पाय सुधारले की तेवढ्याच फुप्फुसांत जास्त चालता येते. खुर्चीतून हात न टेकता उठणे, अंगणात थांबत थांबत फेऱ्या, एवढ्यापासून सुरुवात होते. धाप लागली की पुढे झुकून कोपर मांडीवर टेकावेत, नाकाने श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडावा; श्वासनलिका थोडा अधिक वेळ उघड्या राहतात आणि कोंडलेली हवा बाहेर पडते. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेतल्यानेही धाप हलकी होते. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, आणि महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते म्हणून ती मेअखेर टोचलेली बरी. न्यूमोनियाची लस कोणती आणि कधी, ते डॉक्टर सांगतील.

दम एकाएकी वाढला, वाक्य पुरे करता येईना, ओठ निळसर झाले, माणूस गुंगू लागला किंवा असंबद्ध बोलू लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा. बेडका वाढून हिरवट-पिवळा झाला आणि दमही वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. दाखल होऊन घरी आल्यानंतरचा महिना सर्वांत नाजूक असतो. नवे पंप मिळालेले असतात, जुने कपाटात तसेच असतात, आणि दोन्ही घेतले जातात. घरी आल्यावर एक ते चार आठवड्यांत फेरतपासणी व्हायलाच हवी, मग बरे वाटत असो वा नसो. त्या भेटीत, श्वास शांत असताना, एक अवघड प्रश्नही विचारून घ्यावा: पुन्हा अशी वेळ आली तर मास्कने श्वास देण्याचे यंत्र लावायचे का, आणि त्याने भागले नाही तर घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवायचे का. उत्तर मुलांनी नव्हे, ज्यांचा श्वास आहे त्यांनी द्यावे, आणि ते फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावे. मध्यरात्री नव्या डॉक्टरांपुढे फाइल उघडली जाईल तेव्हा त्यांना सर्वांत आधी तेच पान दिसेल.